दहा आकडे सक्तीचे

"मॅडम, मी पोटुशी हाय का नाय, ते एकदा सांगून टाका."

आमच्या लॅबच्या काउंटरवर पन्नाशीचा, झुपकेदार मिशांचा एक माणूस मला हे विचारत होता. बाकांवर बसलेले पेशंट हसले. मीही हसले. त्या हसण्याची पुढे मला फार लाज वाटली, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माणसाचं नाव काशिनाथ. सुरगाण्याहून नाशिकला जीप आणायचा. सकाळी माणसं भरून आणायची, दुपारनंतर तीच परत न्यायची. सुरगाण्याला आमच्या लॅबचं एक कलेक्शन सेंटर होतं. म्हणजे एक खोली, एक टेबल आणि रक्त काढून घेणारा योगेश नावाचा एक माणूस. तपासणी सगळी नाशिकला. रक्ताच्या ट्यूबा बर्फाच्या डब्यात घालून काशिनाथ आणायचा आणि परत जाताना छापलेले रिपोर्ट पाकिटातून घेऊन जायचा. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एक ट्यूब फुटली नव्हती. एकदा घाटात जीप बंद पडली, तर डबा मांडीवर घेऊन टोमॅटोच्या पिकअपमधून आला होता.

त्या दिवशी त्याने फोन माझ्यासमोर धरला आणि अंगठ्याने मेसेज वर सरकवत राहिला. सगळे आमच्या लॅबचे.

"अडतीस बायांचे हायेत. बाप्ये मोजलेच नाय मी. कोनाची शुगर, कोनाची लघवी, कोनाचं आनखी काय. हे माज्याकडं कशाला येतंय? मला तर इंग्रजी वाचता येत नाय, दुसऱ्याकडनं वाचून घेतलंय."

ते का येतंय हे सांगायचं तर आधी आमचं काम थोडं सांगावं लागेल.

लोकांना वाटतं, लॅब म्हणजे रक्त काढलं, मशिनमध्ये घातलं आणि कागद बाहेर आला. मशिन मोजतं ते बरोबरच मोजतं हो. पण त्याला फक्त ट्यूब कळते. ट्यूब कोणाची, हे त्याला माहीत नसतं. ते माहीत असतं काउंटरवरच्या माणसाला. त्याने नाव लिहिलं, ट्यूबवर चिठ्ठी लावली, की ते रक्त कोणाचं ते ठरलं. तिथे चूक झाली तर पुढे लाखोंचं मशिन अगदी अचूकपणे चुकीचं उत्तर देतं. म्हणून आमचे मोठे डॉक्टर, ज्यांनी पंचवटीच्या बाजूला ही लॅब सुरू केली, ते नवीन माणसाला पहिले सहा महिने फक्त काउंटरवर बसवायचे. मलाही बसवलं होतं. मी बीएस्सी होऊन, डीएमएलटी हा लॅबच्या कामाचा डिप्लोमा करून आले होते आणि मला वाटलं होतं, आपल्याला सूक्ष्मदर्शक मिळेल. मिळालं एक लांबलचक रजिस्टर. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, वय, कोणाबरोबर आलात. "शैला, माणसाकडे बघून लिही," असं डॉक्टर म्हणायचे. त्यामुळे एकाच गावच्या तीन सखुबाई आल्या तरी माझ्या लक्षात राहायच्या. एक ठेंगणी, एकीच्या कपाळावर गोंदण, एक सारखी खोकणारी.

मोठे डॉक्टर गेले. त्यांचा मुलगा, आमचे आताचे डॉक्टर, लॅब बघू लागले. माणूस हुशार. नवी मशिनं आणली, पंधरा माणसांची चाळीस झाली. आणि मग नवीन सॉफ्टवेअर आणलं. त्याला मी नावं ठेवणार आहे, म्हणून आधी न्यायाने सांगते: सॉफ्टवेअर चांगलं होतं. बारकोड चिकटवला की ट्यूब कोणत्या मशिनवर गेली, कोणी तपासली, किती वाजता तपासली, सगळं दिसायचं. हाताने आकडे उतरवण्याची कटकट गेली. सातचा एक होणं थांबलं. मी त्या वेळी लॅबची सुपरवायझर होते आणि मला ते आवडलं होतं.

फक्त नोंदणीच्या पडद्यावर काही रकान्यांना लाल चांदणी होती. लाल चांदणी म्हणजे सक्ती. तो रकाना भरल्याशिवाय 'सेव्ह'चं बटण उजळतच नाही आणि बटण उजळल्याशिवाय बारकोड निघत नाही. बारकोड नाही तर तपासणी नाही. अशी एक लाल चांदणी मोबाईल नंबरला होती. दहा आकडे. नऊ चालत नाहीत, अकरा चालत नाहीत, सगळी शून्यं चालत नाहीत. मी तेही करून पाहिलं होतं.

आता सुरगाण्याच्या पाड्यावरून आलेली बाई. तिच्याकडे मोबाईल नाही. घरात असला तर तो नवऱ्याकडे, आणि नवरा निफाडला द्राक्षाच्या बागेत कामाला. त्याचा नंबर तिला पाठ नाही. योगेश काय करणार? समोर वीस माणसं, बर्फ वितळतोय, जीप हॉर्न देतेय. त्याने जीपवाल्याचाच नंबर टाकला. एकदा चाललं, म्हणून रोज टाकला.

मी योगेशला दोष देत नाही. त्या खोलीत त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

काशिनाथला मी चहा पाजला आणि "बघते" म्हणाले. त्याच दिवशी सॉफ्टवेअरच्या कंपनीत फोन लावला. आमच्या मदतीला निखिल नावाचा एक तरुण इंजिनिअर होता. बोलायला फार गोड.

"मॅडम, मोबाईल नंबर मँडेटरीच असतो. सगळीकडे."

"अरे, पण ज्याच्याकडे नाहीच, त्याने काय करायचं?"

"मॅडम, आजकाल मोबाईल कोणाकडे नसतो?"

"आत्ता माझ्यासमोर चौघी बसल्यात."

"मग घरातल्या कोणाचा तरी टाका. आपण एका नंबरवर फॅमिली मेंबर्स ॲड करू शकतो. छान फीचर आहे ते."

ते छान फीचर काय होतं, ते मला दोन महिन्यांनी कळलं.

त्या दिवशी सुरगाण्याच्या डब्यात सविता नावाच्या एका बाईची ट्यूब होती. वय चोवीस, आठवा महिना. मशिनने हिमोग्लोबिन दिलं चार पूर्णांक नऊ. निदान अकरा तरी हवं. पण आकडा पडद्यावर आला आणि सॉफ्टवेअरने रिपोर्ट अडकवला. लाल पट्टी आली: मागच्या रिपोर्टशी मेळ नाही, सॅम्पल बदलल्याची शक्यता, पुन्हा सॅम्पल घ्या. त्याच्या हिशोबाने या सविताचं सहाच आठवड्यांपूर्वी हिमोग्लोबिन साडेअकरा होतं.

टेबलावर रेखा होती. नियमाने वागणारी, चांगली टेक्निशियन. तिने नियमाप्रमाणे 'सॅम्पल नाकारलं'चं बटण दाबलं. झालं. तसा मेसेजही गेला. कोणाकडे? काशिनाथकडे. तो तेव्हा घाटात जीप चालवत होता.

मी केवळ योगायोगाने तिथून जात होते. नाकारलेल्या ट्यूबा एका वेगळ्या रॅकमध्ये उभ्या ठेवतात. त्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबेकडे माझं लक्ष गेलं. रक्त थोडा वेळ उभं राहिलं की लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. या ट्यूबेत तळाला जेमतेम एक लाल थर होता. बाकी सगळं पाणी. असं रक्त आयुष्यात एकदा पाहिलेला माणूस परत विसरत नाही.

मी काचपट्टीवर त्या रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशी फिकट, मध्ये पोकळ, बांगडीसारख्या कडा तेवढ्या उरलेल्या. सॅम्पल बदललेलं नव्हतं. ती बाईच तशी होती.

मग मी त्या लाल पट्टीच्या मागे काय आहे ते शोधलं. काशिनाथच्या नंबरवर सॉफ्टवेअरने एक मोठंच्या मोठं कुटुंब तयार केलं होतं. योगेशने नंबर टाकला की खाली नावांची यादी उघडायची. त्याने 'सविता' लिहिलं की ते म्हणायचं, ही सविता आधीच आहे, तिचीच नोंद घ्या. नवीन नोंद करायला गेलं तर 'डुप्लिकेट' म्हणून ओरडायचं. पण ती आधीची सविता दुसऱ्याच पाड्यावरची, सव्वीस वर्षांची होती. दोन जिवंत बायकांची मिळून सॉफ्टवेअरने एक बाई केली होती आणि मग त्या एका बाईचं रक्त जुळत नाही म्हणून तक्रारही तेच करत होतं!

मी योगेशला फोन केला. योगेश मोटरसायकलवर पाड्यावर गेला. सविता चुलीपुढे बसून होती, उठताना भोवळ येत होती. तिला आधी तिथल्या आणि मग नाशिकच्या सरकारी दवाखान्यात हलवलं, रक्त चढवलं. पुढे मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शैलाताई, तुम्ही पकडलंत ना?"

"मी पकडलं. मी त्या दिवशी रजेवर असते तर?"

"पण नव्हतात. म्हणजे सिस्टिम चालली."

माझे वडील मखमलाबादला झेंडू, शेवंती लावायचे आणि मी लहानपणी बाजारात फुलांच्या पाट्यांमागे उभी राहून गिऱ्हाइकांशी भांडलेली आहे. पण असलं वाक्य मी बाजारातही ऐकलं नव्हतं. सिस्टिम चालली! बाईला परत पाठवायला निघालेली ती सिस्टिम, आणि जाता जाता रॅककडे बघणारी मी, हे दोन्ही यांच्या हिशोबात एकच?

त्यांनी कंपनीला एक मेल पाठवला. कंपनीचं उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे. नोंद त्यांनी घेतली होती यात शंका नाही. नोंद घेण्याचाच त्यांचा धंदा होता.

आता मंजुळाचं सांगते. हे तिचं नाव नाही. हा लेख लिहू का, असं मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "लिवा. पन नाव बदला. आन गाव लिवूच नका." म्हणून गाव लिहीत नाही.

मंजुळा विधवा. वय तिशीच्या आतबाहेर. पदरात एक मुलगी. सासरीच राहायची, भात आणि नागलीच्या शेतात राबायची. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. नाशिकच्या सर्जननी ऑपरेशन करायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आधी ठरलेल्या तपासण्या असतात: हिमोग्लोबिन, शुगर, रक्तगट आणि मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर गरोदर आहे का, याची लघवीची तपासणी. भूल द्यायची असते, म्हणून करतात. लग्न झालेली, न झालेली, विधवा, कोणाचीही करतात. डॉक्टर छापील यादीवर खुणा करतो, बाईला पुष्कळदा सांगतही नाही.

मंजुळाचं सॅम्पल सुरगाण्याच्या सेंटरवर घेतलं. गरोदर नाही, असा रिपोर्ट आला. येणारच होता. आणि तो काशिनाथच्या मोबाईलवर गेला.

काशिनाथला इंग्रजी येत नव्हतं. तोपर्यंत त्याने यावर आपला एक उपाय शोधला होता. परतीच्या वाटेवर जीपमध्ये फोन मागे द्यायचा आणि म्हणायचं, "बघा रे, आपापला रिपोर्ट आला का." फोन या हातातून त्या हातात फिरायचा. त्या दिवशी जीपमध्ये मंजुळाच्याच गावचा एक शिकलेला गृहस्थ बसला होता. त्याने एकेक मेसेज मोठ्याने वाचला. मंजुळाचा आला तेव्हा तपासणीचं नाव वाचलं, आणि थांबला. मग परत वाचलं.

निगेटिव्ह म्हणजे नाही, हे आता खेड्यापाड्यात सगळ्यांना कळतं. पण गावाने त्या शब्दाकडे पाहिलंच नाही. गावाने विचारलं, "नाय तर नाय. पन तपासली कशाला मंग?"

हे मला तीन आठवड्यांनी कळलं, मंजुळा स्वतः लॅबमध्ये आली तेव्हा. एकटी आली होती, एसटीने. काउंटरवर तिने कोणाशी भांडण केलं नाही. सगळी माणसं जाईपर्यंत बाकावर कडेला बसून राहिली. मग माझ्याजवळ आली.

"बाई, तुमी मोठ्या बाई का हितल्या?"

"हो. काय झालं?"

"माजी ती तपासनी केली ती कोनी सांगितली? मी तर पोटात दुखतं म्हनून आले व्हते."

मग तिने सगळं सांगितलं. सासऱ्याने बोलणं टाकलं होतं. जाऊ मुलीला हिच्याजवळ झोपू देत नव्हती. ऑपरेशनला पाठवणार नाही, असं घरात ठरलं होतं, कारण नाशिकला एकटी जाऊन ही काय करते, कोणाला ठाऊक. आणि खडे तर होतेच. सांगता सांगता तिने दोनदा पोट धरलं.

"काशीभाऊच्या जीपनं नाय आले मी," ती म्हणाली. "त्यो समोर आला का रडतो. मला आनखी त्याची समजूत घालाया लागती."

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि तडक डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. निखिलला फोन लावायला लावला, स्पीकरवर. मंजुळाचं नाव न घेता काय झालं ते सांगितलं. त्या गोड आवाजाने खरंच वाईट वाटल्यासारखा सुस्कारा सोडला.

"मॅडम, हे फार दुर्दैवी आहे. पण टेक्निकली हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम नाही. नंबर चुकीचा टाकला गेला."

"बरोबर कोणता टाकायचा होता?"

"पेशंटचा."

"तो नाही."

"मग… मॅडम, फील्ड रिकामं ठेवता येत नाही. डेटा खराब होतो."

"कोणाचा डेटा रे? बाईचं नाव खराब झालं ते चालतं आणि तुझा रकाना रिकामा राहिलेला चालत नाही?"

"शैलाताई," डॉक्टर मध्येच म्हणाले, "तुम्ही भावनिक होताय."

मी भावनिक नव्हते. मी संतापले होते. दोन्हींतला फरक कळण्याइतकं वय डॉक्टरांचं झालेलं होतं. निखिलने सांगितलं की मूळ रचनाच नंबरवर उभी आहे, तो काढणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. डॉक्टर म्हणाले, "बघा, शक्यच नाही म्हणतात."

मी बाहेर आले आणि सुरगाण्याला योगेशला फोन केला. "उद्यापासून ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याला मी देते तो नंबर टाकायचा. आणि प्रत्येकाची नवीन नोंद करायची. ते कितीही ओरडलं तरी."

"कोणाचा नंबर हाय, मॅडम?"

"डॉक्टरांचा."

"आपल्या?"

"आपल्या. पेशंटचा रिपोर्ट डॉक्टरांनी बघण्यात काही गैर नाही ना?"

योगेश हसला नाही. तो घाबरला. पण त्याने टाकला. हरसूलला आमचं असंच दुसरं सेंटर होतं, तिथेही मी तेच सांगितलं. छापील रिपोर्ट मी बंद पाकिटात घालून, वर नाव लिहून पाठवू लागले, जुन्या पद्धतीने.

पहिल्या दिवशी डॉक्टर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हरसूलचा बाजार होता, म्हणजे सेंटरवर गर्दी. तिसऱ्या दिवशी रविवार. डॉक्टर पाहुण्यांबरोबर जेवायला बसले होते म्हणे, आणि फोन टेबलावरच होता. सोमवारी सकाळी त्यांनी मला आत बोलावलं. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"हे काय चाललंय? माझ्या फोनवर दीडशे मेसेज आहेत! लोकांच्या लघव्या, लोकांचे थुंके. माझ्या सासऱ्यांसमोर!"

"डॉक्टर, सिस्टिमला दहा आकडे लागतात. काशिनाथचे आठ महिने वापरले. आता तुमचे."

"ही काय पद्धत झाली? मला कामावरून काढावं लागेल तुम्हाला."

"काढा. पण पत्रात कारण लिहा."

मग त्यांनी स्वतः निखिलच्या वरच्या साहेबांना फोन लावला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, मी बाहेर आले होते. गुरुवारी नोंदणीच्या पडद्यावर मोबाईल नंबरच्या शेजारी एक छोटा चौकोन आला: 'मोबाईल नाही'. त्यावर टिचकी मारली की लाल चांदणी जायची आणि बटण उजळायचं. निखिलला मी विचारलं, "किती वेळ लागला रे करायला?" तो म्हणाला, "एक दुपार."

एक दुपार! आठ महिने जे शक्यच नव्हतं ते. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

आता इथे हा लेख संपवला असता तर मी त्यातली शूर बाई ठरले असते. पण पुढे मी जे केलं तेही सांगायला हवं.

मंजुळाचं ऑपरेशन अजून अडलेलंच होतं. मी डॉक्टरांकडून लॅबच्या कागदावर मराठीत पत्र लिहून घेतलं: ही तपासणी भूल देण्याआधी सगळ्या बायकांची करतात, ती बाईच्या सांगण्यावरून होत नाही, आणि रिपोर्ट दुसऱ्याच्या फोनवर जाणं ही लॅबची चूक आहे. ते शेवटचं वाक्य त्यांनी सहज लिहिलं नाही, पण लिहिलं. पत्र घेऊन मी काशिनाथच्या जीपमध्ये पुढे बसले आणि तिच्या गावी गेले. तिला न कळवता. कळवणार तरी कसं, असं तेव्हा मला वाटलं होतं. योगेशकडून निरोप देता आला असता, हे आता सुचतंय.

नाशिकची बाई आली म्हणून अंगणात माणसं जमली. मला ते बरंच वाटलं. जेवढ्यांनी ऐकलं होतं, तेवढ्यांनी हेही ऐकावं. मी पत्र मोठ्याने वाचलं. मग मोठ्या आवाजात समजावूनही सांगितलं. तपासणी काय असते, का करतात, माझीसुद्धा कशी झाली होती. काशिनाथने हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माजी. फोन मी मागं दिला." सासरा म्हातारा माणूस होता. त्याने पत्र हातात घेतलं, शिक्का पाहिला आणि म्हणाला, "मंग सोमवारी नेतो तिला आपरेशनला. मीच नेतो." जावेने आम्हाला चहा दिला.

मंजुळा सगळा वेळ दाराच्या आत उभी होती. मी निघाले तेव्हा ती जीपपर्यंत आली. मला वाटलं, आता ही माझे हात धरील.

"बाई, आपरेशन हुईल. लय बरं झालं," ती म्हणाली. "पन तवा जीपमधी अकरा मान्सं व्हती. आज अंगनात किती व्हती?"

मी मागे वळून अंगणाकडे पाहिलं.

"जे जीपमधी नव्हते त्यांनाबी आज कळलं. तुमी माज्याचसाठी आला, मला कळतंय. पन सांगू का नको, ते मला एकदा इचारलं आसतं तर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी आठ महिने ज्यांच्या नावाने बोटं मोडत होते, त्यांनी बाईला न विचारता तिची गोष्ट दुसऱ्याच्या हातात दिली होती. मी ती न विचारता अख्ख्या अंगणाला दिली. त्यांनी ते मशिनकडून करवलं, मी घसा ताणून केलं. एवढाच काय तो फरक. माझा हेतू चांगला होता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. हेतू निखिलचाही वाईट नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी निखिलला नोंदणीच्या पडद्यावर एक नवीन रकाना टाकायला लावला: 'रिपोर्ट कोणाला द्यायचा?' या वेळी त्याने वाद घातला नाही. सगळ्या सेंटरच्या माणसांना बोलावून मी सांगितलं, हे नुसतं भरायचं नाही, पेशंटला तोंडाने विचारायचं. लोक काय काय सांगायचे! "सासूला देऊ नका." "मुलाला द्या, पण सुनेसमोर नको." एक आजोबा म्हणाले, "कोणालाच देऊ नका, डॉक्टरांनाच ठेवू द्या, मला जाणून काय करायचंय?" इतकी वर्षं हे सगळं त्यांच्या मनात होतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. रजिस्टरच्या काळातही नाही. मोठ्या डॉक्टरांनीही नाही, मीही नाही. त्या लांबलचक रजिस्टरात 'कोणाबरोबर आलात' असा रकाना होता आणि जो बरोबर असेल त्याच्या हातात आम्ही बिनदिक्कत पाकीट ठेवत होतो.

मंजुळाचं ऑपरेशन नीट झालं. तीन महिन्यांनी ती सर्जनना दाखवायला नाशिकला आली आणि त्यांनी काही तपासण्या लिहून दिल्या. तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. काउंटरवरच्या मुलीने तिचं नाव, गाव, वय लिहिलं, 'मोबाईल नाही'वर टिचकी मारली आणि विचारलं, "रिपोर्ट कोणाला द्यायचा, ताई?"

मंजुळाने मान वळवून मागच्या बाकावर बसलेल्या सासऱ्याकडे पाहिलं. मग काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "मी बसते हितं. माज्या हातात द्या."

रिपोर्ट यायला चार तास लागले. सासरा दोनदा चहा पिऊन आला. ती जागची हलली नाही. पाकीट मी स्वतः नेऊन तिला दिलं. तिने ते फोडलं, कागद उलगडला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने पुरता वेळ घेतला. मग कागदाची घडी केली, बाकावर माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाली,

"आता सांगा काय लिवलंय. जरा हळू."

मी तिच्याजवळ बसले आणि तिच्या कानाशी सांगितलं. काय लिहिलं होतं, ते तुम्हाला सांगण्याचं मला काही कारण नाही.